खोगिरात दडलेला इतिहास

(खारेपाटण येथे ‘जुन्या वस्तू आणि आपण’ या विषयावर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



‘एकोणिसाव्या शतकातील लष्करी अश्वसाज आणि त्याचा संग्रह’ हा आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल. कोकणात आणि घोडा! कातळ, चोंढे, खाजण आणि चार महिने कोसळणारा पाऊस हे ज्या भूमीचे स्वरूप, तेथे घोडदळाचे काय काम? येथे बैल चालला, होडी चालली, पालखी चालली. घोडा मात्र पाहुणाच राहिला. मग हा विषय एखाद्या पुण्या-साताऱ्याच्या सभागृहात न मांडता वाघोटनच्या काठी का मांडावा?

त्याचे पहिले कारण खुद्द खारेपाटणच आहे. जुनी वस्तू घरात जपली गेली, ती योग्य माणसाच्या हाती पडली आणि त्यातून इतिहासाचे एक बंद दार उघडले, याचे महाराष्ट्रातील अगदी आरंभीच्या उदाहरणांपैकी एक या गावात घडले आहे. शिलाहार राजा रट्टराज याचा शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ चा ताम्रपट खारेपाटणच्या एका घरात होता. तो प्रथम वाचून प्रसिद्ध केला तो येथून जवळच्या पोंभुर्ल्याच्या सुपुत्राने, बाळशास्त्री जांभेकरांनी. १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढून मराठी पत्रकारितेचा पाया घालणारे तेच बाळशास्त्री. पुढे कीलहॉर्न या जर्मन पंडिताने त्याचे पुन्हा संपादन केले. त्या पत्र्यांवर दक्षिण कोकणच्या शिलाहारांची वंशावळ आहे, त्यांचे स्वामी असलेल्या राष्ट्रकूटांचीही आहे. परदेशाहून येणाऱ्या गलबतांकडून सोन्याच्या नाण्यात घ्यावयाच्या जकातीचा उल्लेखही आहे. याच गावात सापडलेला दुसरा ताम्रपट अनंतदेवाचा, शके १०१६ चा, म्हणजे इसवी सन १०९४ चा. त्यात ठाणे, सोपारा, चौल आदी बंदरांत शिरणाऱ्या विशिष्ट श्रेष्ठींच्या गलबतांना दिलेली जकातमाफी नोंदली आहे.

आता कल्पना करा. त्या घरातील एखाद्या पूर्वजाने ‘हे जुने तांबे घेऊन काय करायचे’ असे म्हणून ते पत्रे तांबटाच्या भट्टीत घातले असते तर? दोन घागरी झाल्या असत्या आणि दोन राजवंशांच्या इतिहासाचे मोठे साधन वितळून गेले असते. घरातील कोणी ते अक्षर वाचू शकत नव्हते, तरीही त्यांनी ते जपले. न वाचता येणारी गोष्टसुद्धा जपावी लागते, कारण वाचणारा पुढच्या पिढीत जन्माला येऊ शकतो. आज मला जे सांगायचे आहे, त्याचे मर्म इतकेच आहे. फक्त ताम्रपटाच्या जागी खोगीर, रिकीब आणि लगाम ठेवायचे आहेत.

भाषेत उरलेली पागा

मित्रहो, घोडा आपल्या अंगणातून गेला, पण आपल्या बोलण्यातून गेलेला नाही. एखाद्या पुस्तकात निरुपयोगी मजकूर फार झाला की आपण ‘खोगीरभरती’ म्हणतो. काम रखडले की ‘घोडे कुठे अडले’ असे विचारतो. अविचारी माणसाला ‘लगाम’ घालतो, अधाशी माणूस ‘तोबरा’ भरतो आणि विनाकारण रागावणाऱ्याला ‘मी तुझे काय घोडे मारले’ असे म्हणतो. आपल्यात शिलेदार आडनावाची माणसे आहेत, पागनीस आहेत. पण खोगिरात नेमकी कसली भरती असे, हे किती जणांनी पाहिले आहे? तोबरा हातात किती जणांनी धरला आहे?

म्हणून आधी या साजाची ओळख करून घेऊ. घोड्याच्या पाठीवर बसण्यासाठी घालतात ते खोगीर. आपल्याकडील जुने खोगीर बहुधा कापडाचे आणि नमद्याचे, आत लोकर, कापूस किंवा चिंध्या भरून शिवलेले असे. या चिंध्यांवरूनच खोगीरभरती हा शब्द आला. नुसत्या कापडी, मऊ बैठकीला चारजामा म्हणत. चामड्याच्या बैठकीला जीन. ती घोड्याच्या पोटाखालून आवळून धरणारा पट्टा म्हणजे तंग. खोगीर पुढे सरकू नये म्हणून शेपटीखालून घेतलेली दुमची. घोड्याने मान उंच झटकू नये म्हणून छातीपासून तोंडाकडे नेलेला जेरबंद. पाय ठेवण्याची ती रिकीब. तोंडात लोखंडी लगाम, डोक्यावर म्होरकी. तळावर बांधण्यासाठी पुढची दोरी अगाडी आणि मागच्या पायांची पिछाडी. दाणा चारण्याची तोंडाला बांधायची पिशवी तो तोबरा आणि अंग घासण्याचे दातेरी साधन तो खरारा.

हे नुसते शब्द नव्हेत, ही एक पूर्ण व्यवस्था आहे. सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या घोडदळाची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, अशी ती चढत जाते आणि शेवटी सरनोबत येतो. पण मला त्याच मजकुरातील एक लहान तपशील अधिक मोलाचा वाटतो. दर पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखाल नेमलेली असे. म्हणजे स्वराज्याच्या सेनेत तलवार धरणाऱ्याचा विचार जितका बारकाईने झाला होता, तितकाच घोड्याच्या खुराला नाल ठोकणाऱ्याचा आणि पाणी वाहणाऱ्याचा झाला होता. पोवाडा सरनोबताचा झाला. नालबंदाचा कोणी केला नाही. त्या नालबंदाच्या हाताची खूण उरली असेल तर ती एखाद्या गंजलेल्या नालेवर.

बारगीर आणि शिलेदार हा भेदही साजाशीच जोडलेला आहे. बारगिराला घोडा आणि साज सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचे हत्यार आणि स्वतःचा साज घेऊन चाकरीला येई. घोड्यांच्या तयारीसाठी त्याला आगाऊ रक्कम मिळे, तिचे नावच ‘नालबंदी’. म्हणजे शिलेदाराच्या घरातील खोगीर ही त्याची भांडवली मालमत्ता होती. शेतकऱ्याला नांगर तसे शिलेदाराला खोगीर. म्हणूनच ते मुलाकडे, नातवाकडे जात राहिले आणि म्हणूनच आजही एखाद्या माळ्यावर ते सापडण्याची शक्यता आहे.

१८१८ नंतर

एकोणिसाव्या शतकाचा आरंभ आपल्यासाठी दुःखाचा आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीच्या रणांगणावर बापू गोखले धारातीर्थी पडले आणि त्याच वर्षी पेशवाईची अखेर झाली. राज्य गेले, हे आपण शाळेत शिकतो. पण राज्याबरोबर आणखी काय गेले, हे सहसा शिकवले जात नाही.

हजारो घोड्यांच्या पागा मोडल्या. खोगीर शिवणारा, चामडे कमावणारा, रिकीब घडवणारा, नाल ठोकणारा, खरारा करणारा मोतद्दार, चंदीचा हिशेब ठेवणारा कारकून, या साऱ्यांचा पोशिंदा एका वर्षात नाहीसा झाला. जीनगर या समाजाचे उदाहरण पाहा. जीन करणारा तो जीनगर. नावातच धंदा आहे. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये या समाजाची जी माहिती आहे, तिच्यात त्यांचे नाव खोगिराशी जोडलेले आहे, पण धंदे मात्र नाना प्रकारचे: धातूचे ओतकाम, चित्रकाम, मूर्तिकाम आणि असेच कितीतरी. खोगिराला गिऱ्हाईक उरले नाही म्हणून हातातील कौशल्याने दुसरी वाट शोधली. गणपतीची सुबक मूर्ती घडवणाऱ्या बोटांत एके काळी घोड्याच्या पाठीचा बाक अचूक ओळखण्याची विद्या होती. ती विद्या कोणत्याही ग्रंथात उतरलेली नाही. ती फक्त त्या वस्तूंच्या टाक्यांत उरली आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. ज्यांनी हे राज्य जिंकले, त्यांनी आपली शिलेदारीची पद्धत मोडून न टाकता उचलली. इंग्रजांच्या हिंदी घोडदळातील बहुसंख्य पलटणी पुढे शंभर वर्षे ‘सिलेदार’ पद्धतीने चालल्या. शब्दसुद्धा आपलाच, फक्त उच्चार बिघडलेला. स्वार भरती होताना घोडा आणि साज यांसाठी ठरावीक रक्कम भरी, तिला ‘असामी’ म्हणत. नोकरी सोडताना ती परत मिळे. जेम्स स्किनर, ज्याच्या नावाने ‘स्किनर्स हॉर्स’ ही पलटण १८०३ मध्ये उभी राहिली, तो त्याआधी शिंद्यांच्याच चाकरीत होता. १८१७ च्या पुणे तहानुसार उभ्या केलेल्या सहायक घोडदळातून ‘पूना हॉर्स’ ही पलटण घडली. आज ती रणगाड्यांची पलटण आहे. १९६५ च्या युद्धात लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि १९७१ च्या युद्धात सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, असे दोन परमवीरचक्र विजेते तिने देशाला दिले. घोडा गेला, रणगाडा आला, पण पलटणीच्या नावात ‘हॉर्स’ राहिला. सिलेदार पद्धत पहिल्या महायुद्धात अपुरी ठरली. परदेशी रणभूमीवर स्वाराने आपापला साज पुरवणे शक्यच नव्हते. १९२१ च्या पुनर्रचनेत ती संपली.

त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील जो अश्वसाज आज आपल्याकडे सापडतो, तो ढोबळमानाने दोन घराण्यांचा असतो. एक देशी: नमद्याचे वा मखमलीचे खोगीर, रुंद पायतळाची रिकीब, कधी काटेरी लगाम, रेशमी गोंडे. दुसरा सरकारी: लाकूड आणि लोखंडाच्या सांगाड्यावर बसवलेले चामड्याचे जीन, पोलादी रिकीब, पितळी बकले. १८६० च्या दशकात कानपूरला सरकारी हार्नेस अँड सॅडलरी फॅक्टरी उभी राहिली आणि विलायतेहून येणारा पुष्कळसा माल येथेच होऊ लागला. सरकारी मालावर बाणाच्या टोकाची खूण आणि तिच्याजवळ हिंदुस्थानचे निदर्शक असे ‘आय’ हे इंग्रजी अक्षर ठोकलेले आढळते. चामड्याच्या पाळीखाली, रिकिबीच्या बुडाशी, लगामाच्या कडीवर असे शिक्के पाहावेत. जाणकाराला ते जन्मपत्रिकेसारखे असतात.

देशी साजावर असे शिक्के नसतात. तिथे कापडाचा पोत, टाक्याची रीत, लोखंडाच्या घडणीतील हातोड्याचे घाव आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरातील कागद, हेच साक्षीदार. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. गो. स. सरदेसाई यांनी त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत काढले. पण अजून न वाचलेले पुष्कळ आहे. ज्याला मोडी येते आणि ज्याच्यापाशी वस्तूही आहे, असा तरुण या क्षेत्रात जे करू शकेल, ते कोणताही परदेशी संग्राहक कितीही पैसा ओतून करू शकणार नाही.

घाट चढून गेलेले कोकण

आता मूळ प्रश्नाकडे येतो: कोकणात खोगीर कोठून आले? माझे उत्तर असे आहे की, ते बहुधा घाट उतरून आले, पण ते आणणारा माणूस आधी येथूनच घाट चढून गेलेला होता. रत्नागिरी जिल्ह्यातील कोतवड्याचे हरभट पटवर्धन हे याचे ठळक उदाहरण. वैदिक भिक्षुकाचे घर. पण त्यांच्या पुत्र-नातवंडांनी पेशव्यांच्या सेवेत तलवार हाती घेतली आणि मिरज, सांगली, तासगाव, जमखंडी येथे नामांकित सरदारकी उभी राहिली. पेशव्यांचे मूळ घराणेच श्रीवर्धनचे. त्यांच्या मागून किती कारकून, किती शिपाई, किती शिलेदार पुण्याला, बडोद्याला, ग्वाल्हेरला, झाशीला गेले असतील! त्यातील काही म्हातारपणी गावी परतले. येताना काय आणले असेल? थोडा पैसा, एखादी सनद, देव्हाऱ्यात ठेवायला गंगाजल आणि ज्याने आयुष्यभर साथ दिली त्या घोड्याचा साज.

झाशीचे नाव घेतले की वरसईचे विष्णुभट गोडसे आठवतात. कोकणातील हा भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेला आणि १८५७ च्या वणव्यात सापडला. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी प्रसिद्ध केला. राणी लक्ष्मीबाईंना घोड्याची उत्तम पारख होती, अशी त्यांची ख्याती होती आणि जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळच्या रणांगणात त्यांनी देह ठेवला तोही घोडदळाच्या झुंजीतच. त्या झुंजीत त्यांच्याबरोबर असलेल्या शेकडो स्वारांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. पुतळा राणीचा होतो आणि तो झालाच पाहिजे; पण त्या अनामिकांची उरलीसुरली ओळख कोठे असेल तर ती कोणाच्या तरी घरी टांगलेल्या रिकिबीत.

‘टांगलेल्या’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो आहे. वृत्तपत्राच्या कामासाठी या तालुक्यात हिंडताना एका जुन्या घराच्या गोठ्यात मला अशीच एक रिकीब दिसली होती. रुंद पायतळाची, दोन्ही बाजूंना पानाची नक्षी असलेली. तिला दावे बांधले होते. घरातील आजींना विचारले तर त्या म्हणाल्या, ‘‘कडी आसा ती, झिला. पयल्यापासून थंयच आसा.’’ त्यांचे काहीच चुकले नव्हते. ‘पयल्यापासून’ याचा अर्थ त्यांच्या सासऱ्यांच्याही आधीपासून. त्या घरात कोण शिलेदार होता, तो कोणाच्या पागेत होता, हे सांगणारे कोणी उरले नव्हते. दोन पावसाळ्यांनंतर पुन्हा गेलो तेव्हा घर पाडून नवे बांधले होते. आजी गेल्या होत्या. रिकिबीविषयी विचारले तर नातू म्हणाला, ‘‘काका, ते सगळे लोखंड भंगारवाल्याला वजनावर दिले.’’

मी त्या मुलाला दोष देत नाही. त्याला कोणी सांगितलेच नव्हते. सांगण्याचे काम ज्यांचे, ते तुम्ही आणि मी.

आणि हे एका घरापुरते नाही. महामार्गाच्या चौपदरीकरणात या पट्ट्यातील कितीतरी जुनी घरे गेली. जी रस्त्यात गेली नाहीत त्यांच्या जागी स्लॅबची घरे आली. नवे घर बांधणे हा गुन्हा नव्हे, ओल धरणाऱ्या भिंतीत कोणी का राहावे? पण घर पाडण्याच्या त्या आठ दिवसांत दोनशे वर्षांचा माळा एकदम अंगणात येतो आणि तेथे त्या वेळी जो हजर असतो तो इतिहासाचा अभ्यासक नसतो, तो भंगारवाला असतो.

एका माणसाचे उदाहरण

‘एकटा माणूस काय करणार’ असे म्हणणाऱ्यांना मी पुण्याच्या शुक्रवार पेठेत जायला सांगतो. दिनकर गंगाधर केळकर, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे. १८९६ चा जन्म, घरचे दुकान चष्म्यांचे. सुमारे १९२० पासून त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. राजाश्रय नाही, मोठा पैसा नाही. दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये, शस्त्रे, वेश, दाराच्या चौकटी, जे जे सामान्य माणसाच्या हातातून गेले आणि ज्यात कारागिराचा जीव उतरला, ते ते त्यांनी गोळा केले. लहान वयात गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ संग्रहालयाला ‘राजा’ हे नाव दिले आणि १९७५ मध्ये वीस हजारांच्या घरात गेलेला हा सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. १९९० मध्ये ते निवर्तले. आयुष्यभर जमवलेले सारे त्यांनी समाजाला देऊन टाकले. संग्रह आणि संचय यातील भेद समजून घ्यायचा असेल तर हे उदाहरण पुरेसे आहे. संचय आपल्यापाशी थांबतो. संग्रह आपल्यातून पुढे जातो.

याउलट जे बाहेर गेले, त्याचे मोल आता आपल्याला कसे मोजावे लागते तेही पाहा. नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली, तेव्हा एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. ही अभिमानाची घटना आहे. पण अभिमानासोबत हेही मनात यावे की, आपलीच वस्तू आपल्याला विकत घ्यावी लागली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याला आली, ती तर ठरावीक मुदतीच्या उसनवारीवर.

त्या वाघनखांची गोष्ट संग्राहकाला आणखी एक धडा देते. ती शिवछत्रपतींची आहेत हे सांगणारा पुरावा म्हणजे साताऱ्याचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफच्या वस्तूसोबतच्या पेटीवरील लेख. अफझलखानाच्या प्रसंगी वापरलेली वाघनखे हीच, असे खात्रीने सांगता येत नाही, हे त्या संग्रहालयानेच नमूद केले आहे. पोलादाला बोलता येत नाही. त्याच्याबरोबरचा कागद बोलतो. तो कागद वेळीच आणि नेमका लिहिला गेला तर वाद उरत नाही. म्हणून आपल्या घरातील वस्तूबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे तेवढेच, पण आजच, लिहून ठेवा. ‘पणजोबांचे खोगीर, ते बडोद्याला नोकरीस होते असे आजी सांगत’ एवढे एक वाक्य पुरे. ‘हे खोगीर बाजीरावसाहेबांचे’ असे मात्र पुराव्याशिवाय लिहू नका. पूर्वजांचा गौरव खऱ्या गोष्टीनेच होतो. खोटी वंशावळ ही त्यांची विटंबना आहे.

जपावे कसे?

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. कोकणच्या हवेत चामडे, लोखंड आणि कापड या तिन्हींचे शत्रू हजर आहेत: दमट हवा, खारा वारा आणि कीड.

लोखंडी रिकीब किंवा लगाम मिळाला की पहिला मोह होतो तो घासून चकचकीत करण्याचा. चिंच, आमसूल, राख, काचकागद, यातले काहीही लावू नका. आम्लाने गंज निघतो, पण त्याबरोबर नक्षी, शिक्का आणि कधी सोन्या-चांदीचे कोफ्तकामही निघून जाते. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा, सुटणारा गंज हलकेच झाडा, वस्तू पूर्ण कोरडी करून तिच्यावर मेणाचा पातळ थर द्या आणि कोरड्या पेटीत ठेवा. पितळेचेही तसेच. देवाचे भांडे घासावे, इतिहासाचे घासू नये.

चामड्याला खोबरेल किंवा गोडेतेल चोपडण्याची आपली जुनी सवय आहे. रोजच्या वापरातल्या वहाणेला ती चालेल. शंभर-दीडशे वर्षांच्या जिनाला तेलाचा मारा केला तर ते काळवंडते, चिकट होते आणि बुरशीला आमंत्रण मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पुष्कळ चामडे हवेतील आम्लतेने आतून कुजते, हात लावला की तांबूस भुकटी सुटते. असे चामडे घरी दुरुस्त करण्याचा प्रयत्न करू नका. जाणकार संवर्धकाला दाखवा. जीन जमिनीवर किंवा खुंटीला ठेवू नये. घोड्याच्या पाठीसारखा बाक असलेली लाकडी घोडी सुताराकडून करून घ्या, तिच्यावर सुती कापडाची गादी घाला आणि वर जीन ठेवा, म्हणजे त्याचा आकार मोडत नाही. वरून प्लास्टिक गुंडाळू नका. आत घाम धरतो. धुतलेले, खळ काढलेले सुती कापड उत्तम. मृग लागण्यापूर्वी आणि दसऱ्यानंतर, असे वर्षातून दोनदा उघडून पाहा. पण कडक उन्हात वाळत घालू नका.

कापडी खोगिराची भरती बाहेर आली असेल तर ती फेकू नका. ती त्या काळची लोकर, त्या काळचा कापूस आणि त्या काळच्या वापरलेल्या वस्त्रांचे तुकडे आहेत. तिथे तरी खोगीरभरती हा शब्द निंदेचा राहत नाही!

वस्तू मिळाली की आधी जागेवरच छायाचित्र काढा. कोठे, कोणाकडे, कोणत्या दिवशी मिळाली याची नोंद करा. साजाची जोडी वा संच मोडू नका. खोगीर एकाकडे, रिकिबी दुसऱ्याकडे आणि लगाम तिसऱ्याकडे गेला की तिघांकडेही अर्धवट सत्य उरते. जमिनीत काही सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या निधी कायद्याने बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. त्या कोणाही खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, त्यांच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो आणि काही प्रकारांची नोंदणीही करावी लागते. साजासोबत तलवार, पिस्तूल असे काही निघाले तर शस्त्र कायद्याचीही चौकशी करून घ्या. हे कायदे प्रामाणिक संग्राहकाच्या आड येत नाहीत. ते आड येतात ते त्या दलालाच्या, जो ‘अँटिक’ हा एकच शब्द शिकून गावोगाव फिरतो आणि आजीला शंभर रुपये देऊन हजारोंची वस्तू नेतो.

गावाचा संकल्प

बंधु-भगिनींनो, सरकारने संग्रहालय काढावे, अशी मागणी करणे सोपे आहे आणि ती करायलाही हवी. पण संग्रहालयाच्या आधी नोंदवही येते. या पंचक्रोशीत शाळा आहेत, वाचनालय आहे, निवृत्त शिक्षक आहेत, हातात कॅमेऱ्याचा फोन असलेली मुले आहेत. एका दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक वाडीतील जुन्या वस्तूंची नोंद होऊ शकते. वस्तू घरच्यांच्याच ताब्यात राहू देत. फक्त छायाचित्र, माप, घरात सांगितली जाणारी हकिकत आणि सांगणाऱ्याचे वय, एवढे वहीत यावे. आणि जे घर पाडायचे असेल, त्याच्या मालकाने आठ दिवस आधी वाचनालयात निरोप द्यावा. यात खर्च किती? एका वहीचा. लाभ किती? तो आज मोजता येणार नाही. रट्टराजाचे ताम्रपट सांभाळणाऱ्यालाही तो मोजता आला नव्हता.

सरनोबताचे नाव इतिहासाने लिहून ठेवले. बारगीर, नालबंद, जीनगर आणि मोतद्दार यांची नावे कोणी लिहिली नाहीत. ज्यांच्या बळावर मराठी घोडे अटकेपर्यंत गेले, त्या माणसांनी आपल्याकडे स्मारक मागितलेले नाही. त्यांच्या हाताच्या खुणा मात्र अजून काही माळ्यांवर, काही गोठ्यांत शिल्लक आहेत. त्या भंगाराच्या काट्यावर चढण्यापूर्वी आपण तेथे पोहोचायचे आहे. घरी गेल्यावर आज रात्री फक्त एक करा. घरातील सर्वांत वडील माणसाजवळ बसा आणि विचारा, ‘‘आपल्या माळ्यावर काय काय होते?’’ ते जे सांगतील ते लिहून घ्या.